पीपीटी सेव्ह होतेय की नाही तेच कळेना, पाठवली तर तिकडे उघडत नाही (रविवारी कार्यक्रम आहे!)

खाडीकाठ · मंगळवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

वय ६७, निवृत्त, ऐरोलीत राहतो. कॉम्प्युटर चालवता येतो इतपतच. गेली सहा वर्षं हिवाळा लागला की सकाळी कॅमेरा घेऊन खाडीकडे जातो. त्यातून रोहित पक्ष्यांवर, म्हणजे आपल्या फ्लेमिंगोंवर, एक पीपीटी केली आहे. येत्या रविवारी घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत ज्येष्ठ नागरिकांसमोर तासाभराचा कार्यक्रम आहे. विषय पाठ आहे, बोलायची भीती नाही. फाइलने मात्र रडकुंडीला आणलंय.

६२ स्लाइड, त्यांत ४ व्हिडिओ. फाइल ५४० एमबी. विंडोज १०, पॉवरपॉइंट २०१६. फाइल पेन ड्राइव्हवर असते, तिथूनच उघडून काम करतो. सेव्ह दाबलं की गोल फिरत बसतं. आधण ठेवून, चहा गाळून, पिऊन आलो तरी वर 'नॉट रिस्पॉन्डिंग'.

तिकडच्या सेक्रेटरींना जीमेलने पाठवायला गेलो, तर फाइल आपणहून ड्राइव्हवर चढली आणि नुसती लिंक गेली. ते म्हणतात, "परवानगी मागतंय." मग व्हॉट्सअ‍ॅपने पाठवली. मिळाली, पण शीर्षकांच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी, आणि दोन व्हिडिओ काळे.

आणि सगळ्यात जिव्हारी लागलेलं: शनिवारी रात्री जागून १४ स्लाइड सुधारल्या. सेव्ह केल्या, शपथेवर सांगतो. सोमवारी पेन ड्राइव्हवरची फाइल उघडली तर जुनीच! भाचा म्हणतो, "मामा, तुम्ही सेव्हच केलं नसणार." हिनेही लगेच मान डोलावली.

जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

---

अर्धा_कप · रात्री १०:३१

काका, मॅक घ्या. आमच्याकडे असलं काही होत नाही.

---

कोपरखैरणे_स्लो · रात्री १०:४०

@अर्धा_कप, मॅकवरून आलेल्या पीपीटीतलं मराठी सरळ करण्यात माझे निम्मे शुक्रवार जातात. बसा खाली.

---

तिसरी_घंटा · रात्री ११:०५

काका, मी ठाण्यात कार्यक्रमांचं साउंड-प्रोजेक्टर बघतो. तुमचा प्रश्न एक नाही, निदान चार आहेत, आणि ते एकमेकांत मिसळलेत म्हणून घाबरायला होतंय. फाइल जड आहे, हा एक. लिंकची परवानगी दुसरा, आणि तो दोन मिनिटांचा आहे. फॉन्ट तिसरा. व्हिडिओ चौथा. शनिवारचं काम गेलं ते या चारांत बसत नाही, म्हणून आधी तेच विचारतो.

शनिवारी फाइल *कुठून* उघडली होती? पेन ड्राइव्हवरून की दुसरीकडून? आठवून सांगा. आणि तोवर लॅपटॉपवर काहीही डिलीट करू नका, 'क्लीनर' वगैरे तर अजिबात चालवू नका.

---

खाडीकाठ · रात्री ११:१९

शनिवारी पेन ड्राइव्ह मुलीकडे वाशीला राहिला होता. पण फाइल मी व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवलेली असते. लॅपटॉपवरच्या व्हॉट्सअ‍ॅपमधून उघडली आणि काम केलं. तीच फाइल ना शेवटी?

---

कोपरखैरणे_स्लो · रात्री ११:२६

सापडला चोर.

तीच फाइल नाही काका. व्हॉट्सअ‍ॅपमधून किंवा मेलमधून फाइल थेट उघडली की ते अ‍ॅप तिची एक प्रत स्वतःच्या आतल्या कुठल्याशा फोल्डरात उतरवतं आणि ती तुमच्यासमोर ठेवतं. तुम्ही कंट्रोल एस दाबलंत, पॉवरपॉइंटने इमानदारीत सेव्हही केलं, पण त्या आडबाजूच्या प्रतीत. पेन ड्राइव्हला आणि चॅटमधल्या मूळ फाइलला त्याचा पत्ताच नाही. म्हणजे तुम्ही सेव्ह केलं होतं. भाच्याला सांगा.

आता हे करा: पॉवरपॉइंट नुसतं उघडा. 'फाइल', 'ओपन', 'रीसेंट'. त्या यादीत एकाच नावाच्या दोन ओळी दिसतील. प्रत्येकीखाली बारीक अक्षरात पत्ता असतो. पेन ड्राइव्हची सोडा. जिच्या पत्त्यात 'अ‍ॅपडेटा', 'ट्रान्सफर्स' असलं काहीतरी लांबलचक असेल, ती उघडा. उघडल्या उघडल्या 'सेव्ह अ‍ॅज' करून 'डॉक्युमेंट्स'मध्ये ठेवा, नवीन नावाने.

---

खाडीकाठ · रात्री ११:५२

मिळाली!!! चौदाच्या चौदा स्लाइड आहेत. हिला उठवून दाखवलं. ती म्हणाली, "बरं." आणि झोपली.

खरंच मनापासून आभार. उद्या बाकीचं बघू.

---

नौपाडा_खिडकी · बुधवार, सकाळी ७:४८

वाचनखूण (वाखु) साठवली. माझ्या सासऱ्यांचं असंच दोनदा झालंय. आम्ही दोन्ही वेळा त्यांनाच दोष दिला.

एक शंका: ते 'अनसेव्ह्ड प्रेझेंटेशन्स' म्हणून असतं ना, त्यातून मिळालं नसतं का?

---

कोपरखैरणे_स्लो · सकाळी ८:२०

नाही ना. ते वेगळ्या अपघातासाठी. सेव्ह न करताच बंद केलं किंवा मध्येच लाइट गेली, तर 'फाइल', 'इन्फो', 'मॅनेज प्रेझेंटेशन' मध्ये 'रिकव्हर अनसेव्ह्ड' असतं. पॉवरपॉइंट मूळ सेटिंगला दर १० मिनिटांनी स्वतःची नोंद ठेवतो, त्यातून जेवढं हाती लागेल तेवढं. काकांनी सेव्ह केलेलं होतं, त्यामुळे तिथे काहीच सापडलं नसतं आणि भाचा जिंकला असता.

---

तिसरी_घंटा · सकाळी ९:१५

आता वजन. काका, पहिली गोष्ट, पेन ड्राइव्हवरून काम करणं आजपासून बंद. पेन ड्राइव्ह ही पिशवी आहे, टेबल नाही. लॅपटॉपवर काम करा, सेव्ह करा, पॉवरपॉइंट बंद करा, मग फाइल पिशवीत टाका आणि 'इजेक्ट' करूनच काढा. लिहिणं चालू असताना उपसलेल्या पेन ड्राइव्हवरच्या 'रिपेअर' मागणाऱ्या फाइली मी दर महिन्याला बघतो.

दुसरं, ५४० एमबी कशाने झाली ते अंदाजाने शोधू नका, बघा. २००७ पासूनची पीपीटीएक्स फाइल म्हणजे खरं तर झिप केलेलं फोल्डर असतं. फाइलची *प्रत* करा. एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण करा म्हणजे शेपूट दिसेल. प्रतीचं शेवटचं 'पीपीटीएक्स' खोडून 'झिप' लिहा, विंडोज कुरकुरेल, 'यस' म्हणा. आत 'पीपीटी' नावाचं फोल्डर, त्यात 'मीडिया'. तिथे तुमचे सगळे फोटो-व्हिडिओ सुटे दिसतील. 'साइझ'वर क्लिक करून मोठ्यापासून लावा आणि पहिले दहा आकडे इथे सांगा.

---

खाडीकाठ · सकाळी ११:०२

केलं. हे तर पोतडी उघडल्यासारखं झालं.

एक व्हिडिओ एकटाच २१२ एमबी! तो मी स्लाइडवर फक्त १२ सेकंद दाखवतो, बाकीचा 'ट्रिम' केलाय. दुसरे तीन मिळून ४० च्या आसपास. मग फोटो, एकेक ६ ते ९ एमबी. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे, ६००० × ४००० चे फोटो येतात. पण पूर्वी पॉवरपॉइंट फोटो आपणहून लहान करायचा असं वाटतं, आता का करत नाही?

---

कोपरखैरणे_स्लो · सकाळी ११:३०

'फाइल', 'ऑप्शन्स', 'अ‍ॅडव्हान्स्ड' मध्ये 'इमेज साइझ अँड क्वालिटी' बघा. 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल'वर खूण आहे का?

---

खाडीकाठ · सकाळी ११:३८

आहे. भाच्याने केली होती. "मामा, क्वालिटी उतरायला नको."

---

कोपरखैरणे_स्लो · सकाळी ११:४१

आता भाच्याला धाग्यावरच बोलवा.

---

तिसरी_घंटा · दुपारी १२:१०

भाच्याचा हेतू चांगला होता, पण हिशोब बघा. १६:९ ची स्लाइड १३.३३ × ७.५ इंचांची असते. इंचाला १५० ठिपके धरले तरी अख्खी स्लाइड भरायला २००० × ११२५ ठिपके लागतात. सोसायट्यांच्या क्लबहाऊसात जे प्रोजेक्टर मी पाहतो ते बहुतेक १०२४ × ७६८ किंवा १२८० × ८०० चे. म्हणजे तुमच्या ६००० ठिपक्यांमधले बहुतांश भिंतीपर्यंत पोचतच नाहीत. फुकट ओझं.

ती खूण काढा. मग कुठल्याही एका फोटोवर क्लिक, वर 'फॉरमॅट' टॅब, 'कॉम्प्रेस पिक्चर्स'. 'अप्लाय ओन्ली टु धिस पिक्चर'ची खूण *काढायची* (सगळे इथेच चुकतात, एकच फोटो बारीक होतो आणि फाइल तेवढीच राहते), 'डिलीट क्रॉप्ड एरियाज'ची *ठेवायची*, आणि १५० पीपीआय (म्हणजे तेच, इंचाला १५० ठिपके). हे प्रतीवर करा. मूळ फोटो तुमच्या हार्ड डिस्कवर आहेतच, त्यांना धक्का लागत नाही.

व्हिडिओसाठी 'फाइल', 'इन्फो', 'कॉम्प्रेस मीडिया'. ट्रिम केलेला भाग तोवर आत तसाच पडून असतो, फक्त दिसत नाही. म्हणून १२ सेकंदांसाठी २१२ एमबी वाहताय.

---

पालकसभा · दुपारी १:२५

क्रॉपवरून आठवलं म्हणून अवांतर. मी शिक्षिका. एकदा पालकसभेच्या पीपीटीत अख्ख्या वर्गाच्या गुणपत्रकाचा फोटो टाकून वरच्या तीन ओळींपुरता कापला होता. फाइल पालकांच्या ग्रुपवर गेली. एका वडिलांनी 'रीसेट पिक्चर अँड साइझ' केलं आणि तळाच्या मुलांसकट पूर्ण यादी बाहेर. क्रॉप म्हणजे कात्री नाही, पडदा आहे, हे तेव्हा कळलं. त्या आठवड्यात मला आलेले फोन विचारू नका.

---

कोपरखैरणे_स्लो · दुपारी १:५०

याहून भारी सांगतो. महाप्याला एका ठिकाणी होतो तेव्हाची गोष्ट. एकाने एक्सेलमधला छोटासा चार्ट पीपीटीत पेस्ट केला, 'एम्बेड वर्कबुक' पद्धतीने. चार्ट दिसतो एवढासा, पण त्याच्यामागे अख्खं वर्कबुक फाइलमध्ये शिरतं. क्लायंटने चार्टवर राइट क्लिक करून 'एडिट डेटा' केलं. शेजारच्या शीटवर टीमचे पगार होते. तेव्हापासून मी चार्ट चित्र म्हणूनच पेस्ट करतो. वजनही कमी, रक्तदाबही.

---

टंकाळा · दुपारी ३:३६

फॉन्टचा विषय निघाला आणि मी गप्प बसले तर पाप लागेल. तीस वर्षं डीटीपी करतेय, लग्नपत्रिकेपासून पीएचडीपर्यंत.

काका, सेक्रेटरींना जे दिसलं ते नीट सांगा: चौकोनी डबे होते की इंग्रजी अक्षरं? दोन्ही वेगवेगळे रोग आहेत. डबे दिसले तर मजकूर बरा असतो, फक्त त्या मशीनकडे देवनागरी दाखवणारा फॉन्ट नसतो. इंग्रजी खिचडी दिसली, तर मजकूर मुळात मराठी नाहीच!

म्हणजे असं. युनिकोड (म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला कोड) रुळायच्या आधीचे जे फॉन्ट होते, त्यांनी रोमन अक्षरांच्या अंगावर मराठीचे कपडे चढवले. कृतिदेवमध्ये तुम्ही 'मराठी' टाइप करता तेव्हा फाइलमध्ये साठतं ते ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच. तुमच्या मशीनवर कृतिदेव आहे म्हणून ते 'मराठी' दिसतं. जिथे तो फॉन्ट नाही तिथे कपडे उतरतात आणि आतली पाच रोमन अक्षरं उभी राहतात. श्रीलिपीचे, शिवाजीचे कोड वेगळे, पण गोष्ट तीच. म्हणून कॉपी करून दुसरीकडे चिकटवलं तरी कचरा, शोधलं तरी सापडत नाही.

तुमची शीर्षकं कुणी टाइप करून दिली होती का?

---

खाडीकाठ · दुपारी ४:१५

ताई, इंग्रजी खिचडीच. शीर्षकं स्टेशनजवळच्या एका टायपिंगवाल्याकडून करून घेतली होती, वळणदार हवी होती म्हणून. त्याने फॉन्टही माझ्या लॅपटॉपवर टाकून दिला. आतला मजकूर मी स्वतः फोनसारखा टाइप केलाय, तो तिकडे व्यवस्थित दिसतोय.

---

टंकाळा · दुपारी ४:४०

मग काम थोडं आहे. आतला मजकूर युनिकोड आहे, त्याला हात लावू नका. शीर्षकं किती, ६२? त्यांतली बरीच दोन-तीन शब्दांची असतील. कन्व्हर्टर शोधत बसण्यापेक्षा नव्याने टाइप करा, अर्ध्या तासाचं काम. कन्व्हर्टर जोडाक्षरात आणि रफारात दगा देतात, मग 'खर्च'चं 'खचर्' होतं आणि ते तुम्हाला ऐन कार्यक्रमात दिसतं.

फॉन्ट कुठला? सुरक्षित हवा तर निर्मला यूआय, विंडोज ८ पासून प्रत्येक मशीनवर असतो. मंगल त्याच्याही आधीपासून आहे, पण मला तो मोठ्या अक्षरांत सरकारी नोटिशीसारखा वाटतो. जरा देखणा हवा तर मुक्ता घ्या, फुकट आहे, एक टाइप या मुंबईच्या मंडळींनी केलेला. पण मुक्ता समोरच्याकडे असेलच असं नाही. म्हणून 'फाइल', 'ऑप्शन्स', 'सेव्ह', तळाशी 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल'. मग फॉन्ट फाइलसोबत प्रवास करतो. हे त्याच फॉन्टना लागू पडतं ज्यांच्या बनवणाऱ्यांनी तशी मुभा दिली आहे.

आणि वळणदार शीर्षकाचा अगदीच मोह सुटत नसेल, तर पहिल्या स्लाइडचं तेवढं शीर्षक कट करा आणि 'पेस्ट स्पेशल'ने पीएनजी चित्र म्हणून चिकटवा. चित्राला फॉन्ट लागत नाही. पण मग त्यात काना-मात्रा बदलता येणार नाही, म्हणून जुनी प्रत ठेवा.

---

अर्धा_कप · संध्याकाळी ५:०२

ताई, हा प्रतिसाद स्वतंत्र धागा म्हणून टाका ना.

---

नौपाडा_खिडकी · संध्याकाळी ५:१०

+१

---

खाडीकाठ · गुरुवार, रात्री ९:३३

अहवाल देतो.

शीर्षकं पुन्हा टाइप केली, मुक्तामध्ये, एम्बेडसह. एका तासात झाली. त्या निमित्ताने स्लाइड ९ वर ठाणे खाडीचे 'अभयारण्य २०१५, रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) २०२२' हे दोन आकडे मी उलटे लिहिले होते तेही सापडलं. टायपिंगवाल्याची चूक नव्हती, माझीच.

फोटो १५० पीपीआय, मीडिया कॉम्प्रेस. फाइल ५४० वरून ४६ एमबी! सेव्ह दाबलं की चार सेकंद. फोटोंत फरक शोधत बसलो, पिसांवर झूम केल्याशिवाय कळत नाही.

राहिलं पाठवणं आणि ते काळे व्हिडिओ.

---

कोपरखैरणे_स्लो · रात्री ९:५०

जीमेलची जोडणी २५ एमबीपर्यंतच, त्यापुढे ते ड्राइव्हची लिंक करतंच. (मेलमध्ये जोडताना फाइल सुमारे एक तृतीयांश फुगते, त्यामुळे २५ ची मर्यादा असलेल्या ऑफिसांच्या सर्व्हरवरून २० ची फाइलही परत येते.) लिंकमध्ये चूक नव्हती, कुलूप तुमच्याकडूनच लागलेलं होतं. ड्राइव्हवर फाइलवर राइट क्लिक, 'शेअर', 'जनरल अ‍ॅक्सेस'मध्ये 'रिस्ट्रिक्टेड' आहे ते 'एनीवन विथ द लिंक' करा, 'व्ह्यूअर' ठेवा. पाठवण्याआधी ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत (तिथे तुमचं लॉगिन नसतं) लिंक उघडून बघा. तिथे उघडली तर सेक्रेटरींकडेही उघडेल.

त्यांना बजावा की ब्राउझरात बघून 'चालतंय' म्हणू नका. डाउनलोड करा, पॉवरपॉइंटमध्ये उघडा, वर पिवळी पट्टी आली तर 'एनेबल एडिटिंग' दाबा. व्हॉट्सअ‍ॅपने पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून, तिथे २ जीबीपर्यंत चालतं.

---

तिसरी_घंटा · रात्री १०:२०

व्हिडिओ कुठल्या फोनचे आहेत हे तुम्ही सांगितलं नाहीत, पण काळे पडणारे दोन बहुधा नव्या फोनचे असतील. नवे फोन जागा वाचवायला एचईव्हीसी पद्धतीने साठवतात आणि बऱ्याच जुन्या विंडोज मशीनना ती उलगडत नाही. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यातून एच.२६४ चे एमपी४ करून पुन्हा टाका.

आणि शुक्रवारीच सेक्रेटरींना एक फोन करा. दोनच प्रश्न: लॅपटॉपवर पॉवरपॉइंट कुठल्या सालचा? प्रोजेक्टरला एचडीएमआय आहे की तो जुना निळा व्हीजीए? उत्तर "सगळं आहे" असं आलं तर समजा काहीच नाही.

---

खाडीकाठ · शुक्रवार, दुपारी १२:४४

"सगळं आहे, तुम्ही फक्त या" असं आलं.

---

तिसरी_घंटा · दुपारी १२:५१

स्वतःचा लॅपटॉप न्या, चार्जरसकट. एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर घ्या, आणि त्याला आवाजाची वेगळी पिन असलेलाच घ्या, कारण व्हीजीएमधून आवाज जात नाही. पेन ड्राइव्हवर एकाच फोल्डरात पीपीटीएक्स, तिचीच पीडीएफ, आणि चारही व्हिडिओ सुटे. पीडीएफमध्ये व्हिडिओ हलत नाहीत, पण अब्रू राहते. अर्धा तास आधी पोचा.

---

खाडीकाठ · रविवार, रात्री १०:५८

आत्ताच घरी आलो. पुलावर गाड्यांची रांग होती, त्यामुळे अर्ध्या तासाऐवजी दहाच मिनिटं आधी पोचलो.

त्यांच्या लॅपटॉपवर ऑफिस २००७ निघालं. त्यावर माझे व्हिडिओ नुसती चित्रं होऊन बसले. क्लबहाऊसचा मॅनेजर म्हणाला, "फाइलच खराब आहे." मी काही बोललो नाही. पिशवीतून स्वतःचा लॅपटॉप काढला. प्रोजेक्टर निळ्या पिनेचाच. कन्व्हर्टर लावला, चित्र आलं, आवाज त्यांच्या स्पीकरला दिला. पाच मिनिटं उशिरा सुरू केलं.

पहिला व्हिडिओ, तो १२ सेकंदांचा, थवा उडतो तेव्हाचा. मागून एक आजी म्हणाल्या, "परत लावा हो." तीनदा लावला.

तिसरी_घंटा, २००७ वर असं का होतं ते जरूर सांगा. आणि सगळ्यांचे आभार, टंकाळाताईंचे विशेष. काहींनी फाइल मागितली होती, लिंक खाली देतोय, इन्कॉग्निटोत तपासून.

---

तिसरी_घंटा · रात्री ११:१५

व्हिडिओ फाइलच्या पोटात ठेवायची सोय पॉवरपॉइंट २०१० पासून आली. २००७ पर्यंत फाइलमध्ये व्हिडिओचा फक्त पत्ता असायचा. त्यामुळे पोटातला व्हिडिओ त्याला कळतच नाही, तो वरचं चित्र दाखवून मोकळा होतो. मॅनेजरचाही दोष नाही तसा.

तीनदा लावला, हे बेस्ट.

---

उपवन_सकाळ · सोमवार, सकाळी ६:५५

धागा आज वाचला, फाइलही बघितली. काका, फोटो अप्रतिम. राग मानू नका, पण स्लाइड ४१ वर 'लहान रोहित' लिहिलंय, तो मोठा आहे. चोच बघा, फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं. लहान रोहितची चोच जवळजवळ पूर्ण गडद असते.

---

खाडीकाठ · सकाळी ७:३०

अरेच्चा. बरोबर आहे. साठ माणसं बसली होती, कुणी बोललं नाही आणि मलाही दिसलं नाही.

आता दुरुस्त करून परत चढवली की लिंक बदलेल ना? ती मी ग्रुपवर सगळ्यांना दिलीये.

---

कोपरखैरणे_स्लो · सकाळी ८:१२

नाही बदलत. ड्राइव्हवर जुन्याच फाइलवर राइट क्लिक, 'फाइल इन्फर्मेशन', 'मॅनेज व्हर्जन्स', 'अपलोड न्यू व्हर्जन'. लिंक तीच राहते, आतली फाइल नवी.

---

खाडीकाठ · सकाळी ८:४९

झालं. डॉक्युमेंट्समधूनच उघडली होती.